एकीचा नकार

कोहकाटोला, जि. गडचिरोली
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंगली,

तुझी, माझी आणि कोहकाटोल्यातल्या आणखी चौतीस बायांची एक तक्रार आहे. टीव्हीवाल्यांनी आपल्या गावाचं नाव घेतलं नाही. तू त्या कार्यक्रमात दिव्यांखाली तासभर उभी होतीस. दाखवली नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत आधी वाघ दाखवला, मग झाडं दाखवली, मग कुणाच्या तरी अनवाणी पायांचे ठसे दाखवले आणि पाटी लावली, 'घने जंगल का एक गाँव'. ज्या गावाने आठ वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवून आपल्या जंगलाचा हक्क कागदावर आणला, त्याला नाव नाही? सूटबूट घालून आलेल्या पोराच्या शहराचं नाव मोठ्या अक्षरात येतं, आणि आपण म्हणजे जंगलातलं एक काहीतरी.

ही तक्रार मी गेले दोन आठवडे सगळीकडे मांडते आहे. वडशाच्या बाजारात मांडली, पंचायत समितीत मांडली, धान भरायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला चहा पाजून त्याच्यापुढेही मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. तू माहेरी जाऊन आठ दिवस झाले. सगळे खुशाल आहेत. तुझ्या घरासमोर सकाळी तुझे घरधनी जंगूभाऊ स्वतः झाडतात आणि कुणी पाहिलं की झाडू मागे लपवतात. तुझी लेक करिश्मा कॉलेजला नीट जाते. माझ्याशी बोलत नाही, पण जाते. तुझ्या आईच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. मुलचेऱ्याच्या दवाखान्यात फरक पडत नसेल तर इकडे घेऊन ये.

फोन तू उचलत नाहीस ते बरंच करतेस. फोनवर मी भाषण करते. कागदावर निदान खोडता येतं.

मंगली, आधी एक आठवण काढू दे. त्या कार्यक्रमाने मागचा अख्खा हिवाळा आपल्याला किती हसवलं. संध्याकाळी माझ्या ओसरीत टीव्ही, सगळ्यांच्या मांडीवर सुपं, सुपात लाखोळीची डाळ, आणि समोर कुणीतरी घामाघूम होऊन सांगतोय की माझा साबण जगात वेगळा आहे, माझ्या धंद्यात पैसा घाला. त्याच्या समोरच्या पाच पैसेवाल्यांना गुणाबाईने पहिल्याच दिवशी 'सावकार' करून टाकलं. 'हा टकल्या सावकार कोनालेच पैसा देत नाई,' ती म्हणायची, 'पन च्या मस्त पितो.' आपल्याला तो खेळ पटकन कळला, कारण तेंदूपत्त्याच्या लिलावात आपण तो उलट्या बाजूने खेळलो होतो. तिथे ठेकेदार बोलायचा आणि आपण चेहरे दगड करून बसायचो. एकदा तू झाडूंचा भारा डोक्यावर घेऊन उभी राहिलीस, मी खुर्चीवर सावकार झाले आणि तुला विचारलं, तुझ्यात मी पैसा का घालावा? तू म्हणालीस, 'नको घालू. झाडू घे, घर झाड.' बाया लोळून हसल्या. मीही हसले. त्यांच्यापेक्षा थोडं कमी हसले, हे मला आज आठवतं.

कारण उत्तरं माझ्याकडे असायला हवी होती. गावात बोलणारी मी. गेली बावीस वर्षं मोर्च्यात, परिषदेत, साहेबापुढे तोंड उघडते ती साधना. गडचिरोलीच्या वाचनालयातली कपाटं मी पालथी घातली. तू सहावीपर्यंत शिकलीस आणि सभेत कायम मागच्या रांगेत, खांबाला टेकून बसलीस. हे मी तुला कमी लेखायला सांगत नाही. माझ्या डोक्यात जग कसं मांडलेलं होतं ते सांगते आहे.

आता साड्यांचं सांगते, कारण तिथूनच हे सुरू झालं.

मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा, ही आपली वहिवाट. फूल पडलेलं दिसावं म्हणून. आग कधी सरकून जंगलात जाते, फुलाला राख लागते, माती लागते, आणि व्यापारी तेच बोट दाखवून भाव पाडतो. या आगीविरुद्ध मी तीन वर्षं बोलले. टोल्याटोल्यावर, वस्तीवस्तीवर बोलले. आकडे दिले, इतिहास दिला, पोटतिडकीने सांगितलं. लोक हो म्हणाले आणि मार्चमध्ये काडी लावली. चौथ्या वर्षी तू कुणाला काही न सांगता चार जुन्या साड्या एकमेकींना टाचल्यास आणि तुझ्या वाट्याच्या झाडाखाली कमरेच्या उंचीवर बांधल्यास. पहाटे फुलं साडीत पडली. ना राख, ना माती. पुढच्या वर्षी अकरा झाडांखाली साड्या होत्या, त्याच्या पुढच्या वर्षी गावाने आग लावणंच सोडलं.

मी तीन वर्षं भाषण केलं. तू चार साड्या बांधल्यास.

तेव्हा तू माझ्याकडेही साडी मागायला आली होतीस. मी म्हटलं, माझ्या सभेला नेसायच्या आहेत, फाटतील. पेटीत जुन्या सात होत्या. नंतर मी परिषदांमध्ये सांगू लागले की आमच्या प्रबोधनातून ही साडीची पद्धत निघाली. लोक टाळ्या वाजवायचे. आमच्या, असं म्हणायचे मी. माझ्या असं कधी म्हटलं नाही. तेवढी सोय ठेवलेली होती.

त्या स्वच्छ फुलांचा पाक तू काढलास, बाटल्या भरल्यास, आणि ओसरीत कार्यक्रम पाहता पाहता गुणाबाई म्हणाली, 'आपन काऊन नाई जाचं थ्या सावकारांकडे?' सगळ्या हसल्या. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला, मंगली. माझ्या एकटीच्या नावाने.

हे कुणालाच माहीत नाही. सप्टेंबरात मी नागपूरला परिषदेला गेले होते असं सांगितलं ना? परिषद नव्हती. एका हॉटेलच्या हॉलमध्ये छातीवर नंबराची चिठ्ठी चिकटवून मी चार तास रांगेत बसले. माझ्या पुढे नारळाच्या करवंटीचे चमचे करणारा होता, मागे कुत्र्यांचे कपडे शिवणारी. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी इंग्रजांच्या जंगल कायद्यापासून सुरुवात केली. चांगली केली. आवाज लागला होता. स्वातंत्र्यापर्यंत पोचले आणि घंटी वाजली. समोरच्या पोरीने, करिश्माएवढीच असेल, अगदी मायेने विचारलं, 'मॅडम, प्रॉडक्ट?' पाकाची बाटली माझ्या पिशवीत होती. बाहेर काढायची राहून गेली होती.

घरी आल्यावर तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की परिषदेत सभागृह उठून उभं राहिलं. तू माझ्यासाठी गरम भात घेऊन आली होतीस आणि म्हणाली होतीस, 'आमची बाई बोलली म्हंजे उभं राहाच लागते.'

मग करिश्माने तुझ्या नावाने अर्ज भरला. तुम्ही दोघी मला नागपूरला सोबत चल म्हणून विनवायला आलात. मी कामाचं निमित्त काढलं. त्या पोरीने मला ओळखलं असतं तर? तू गेलीस, टेबलावर बाटली ठेवलीस, साडीचा एक तुकडा ठेवलास आणि काय बोललीस ते मला करिश्माने सांगितलं. 'मोहाचं फूल आमी जमिनीले लागू देत नाई.' बस. पुढची दोन मिनिटं तुला काही सुचलं नाही, म्हणून तू सगळ्यांना चमच्याने पाक चाखायला दिलास. तुला मुंबईला बोलावलं.

मला आनंद झाला असं मी गावभर सांगितलं. तुझी मिरवणूक मीच काढली, रेला नाचणाऱ्यांना मीच बोलावलं, तुला हार मीच घातला. हार घालताना तुझ्या मानेत त्याची गाठ अडकली आणि तू 'आई गं' म्हणालीस. मी गाठ सैल केली नाही. इतकं लहान होता येतं माणसाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो भाग लागला तेव्हा माझी ओसरी पुरली नाही, माणसं अंगणात उभी होती. सावकारांतल्या त्या चष्मेवाल्या बाईने पैसे द्यायची तयारी दाखवली आणि बदल्यात हिस्सा मागितला. तू म्हणालीस, 'हिस्सा द्याले मी कोन? झाडं गावाची हायेत. गाव बसन, मंग सांगन.' पाचही जण हसले. त्या मंचावर आजवर असं कुणी केलं नसेल. लोक तिथे आपली कंपनी विकायला जातात आणि तू सांगून आलीस की घरी विचारते. मुंबईतली कुणीही शहाणी बाई ही चूक करणार नाही. आपल्याकडची प्रत्येक बाई हीच करील. मला त्या क्षणी तुझा अभिमान वाटला. हे खरं आहे, खोडत नाही.

पण पुढच्याच क्षणी त्या चष्मेवालीने विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं. अंगणातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी पदर सारखा केला. आणि तू म्हणालीस, 'कोनी नाई जी. झाडाखाली बसून बसून समजलं.'

मी उठले आणि चहा ठेवायला आत गेले. चहा कुणी मागितला नव्हता. चुलीसमोर उभी राहून मी जाहिराती संपेपर्यंत थांबले. बाहेर टाळ्या वाजत होत्या. मी स्वतःला समजावत होते की बाईला कॅमेऱ्यापुढे सुचलं नसेल, घाबरली असेल. तू घाबरली नव्हतीस, मंगली. तू खरं बोललीस, आणि मला तेच सोसलं नाही.

त्या चष्मेवालीने अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत थांबायचं कबूल केलं. टीव्हीवर ते दाखवलं नाही, पण तुझ्या हातात तसा कागद दिला. गावाने आपल्या अटी कळवायच्या, तिने उत्तर द्यायचं, आणि मग ग्रामसभेने ठराव करायचा. अटी मी लिहिल्या. सचिव मीच आहे आणि ग्रामसभेचा ईमेल माझ्या फोनवर आहे.

नऊ तारखेच्या सभेत काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू समोर होतीस. पण मी ते लिहिते, कारण मला ते माझ्या अक्षरात पाहायचं आहे. मी चाळीस मिनिटं बोलले. आज बाटली मागतील, उद्या झाड मागतील, म्हणाले. कागदाच्या कारखान्यांनी बांबू कसा नेला ते सांगितलं. ज्या हक्कासाठी आठ वर्षं लढलो तो हक्क टाळ्यांच्या बदल्यात देणार का, असं विचारलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. आणि शेवटी म्हणाले, माझ्या घराचा या ठरावाला नकार आहे.

आपल्या सभेत हात मोजत नाहीत. एका घराला पटलं नाही तर गाव पुढे जात नाही. ही रीत टिकवण्यासाठी मी स्वतः किती भांडले आहे. मोठ्या टोल्याच्या दांडग्यांनी लहान टोल्याला रेटू नये, एकट्या विधवेचा शब्दही जड असावा, म्हणून आपण ती राखली. ते हत्यार मी तुझ्यावर वापरलं.

मला वाटलं, तू भांडशील. भांडली असतीस तर मी जिंकले असते, वादात मला कुणी हरवत नाही. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'बाईले पटत नाई त राहू द्या. एकीले सोडून पुढं जाचं नाई, थेच आपलं ठरलं हाये.' आणि बसलीस. दुसऱ्या दिवशी माहेरची गाडी धरलीस.

त्यानंतर माझ्या ओसरीत कुणी येत नाही. कुणी भांडलं नाही. फक्त संध्याकाळी प्रत्येकीला घरी काम निघतं. मी एकटीच कार्यक्रम लावते. परवा एकजण लोणचं घेऊन आला होता. बरं बोलला, पण नफ्याचं विचारल्यावर गडबडला. मी 'अरे, चाखायला दे' असं मोठ्याने म्हणाले आणि बाजूला पाहिलं, तर सुपं नव्हती.

काल फक्त गुणाबाई आली. टीव्हीकडे पाहतच मला म्हणाली, 'तू बोलतेस तवा सारं खरं वाटते बाई. घरी गेल्यावर वाटते, आपन काऊन गप्प बसलो?' ती रागाने बोलली नाही. कोडं पडल्यासारखी बोलली. मी तिला डाळ घालून भात वाढला आणि ती गेल्यावर फोन उघडला.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले, ते लिहिते.

सभेत वारलूभाऊंनी मला विचारलं होतं, 'मुंबईहून काई कागद आला का, बाई?' सगळ्यात वडील माणूस, आणि काठीवर हनुवटी टेकून विश्वासाने विचारत होता. मी म्हणाले, आला की सांगीन.

कागद आला होता. सात तारखेलाच. सभेच्या दोन दिवस आधी.

मी तो दोनदा वाचला होता. आपल्या सगळ्या अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. झाडावर, फुलावर, जंगलावर त्यांचा कोणताही हक्क नाही. फुलाचा भाव ग्रामसभा ठरवेल. त्यांचा हिस्सा फक्त बाटली विकणाऱ्या कंपनीत, आणि तिच्या कारभारात निम्म्या जागा गावातल्या बायांच्या. 'उद्या झाड मागतील' हे वाक्य मी चाळीस मिनिटांत पाच वेळा म्हटलं आणि पाचही वेळा मला माहीत होतं की ते खोटं आहे.

मी स्वतःला काय सांगितलं होतं, तेही ऐक. शहराच्या पैशावर विश्वास ठेवू नये, कागद बदलतात, आपण सावध असावं. हे माझं खरं मत आहे आणि उद्याही राहील. पण मत खरं असलं म्हणून कागद लपवायचा अधिकार मिळत नाही. मी जन्मभर साहेबांना हेच विचारत आले की कागद लोकांपासून का लपवता. त्यांच्यातल्या एकानेही माझ्याइतक्या सुंदर भाषेत लपवला नसेल. आणि कारण काय? माझं नाव घेतलं नाहीस. एवढंच. धरण नाही, कारखाना नाही, कायदा नाही. एका बाईने टीव्हीवर दुसऱ्या बाईचं नाव घेतलं नाही.

तू माफ कर असं मी म्हणत नाही. माफी मागितली की तू लगेच देशील आणि मी पुन्हा खुर्चीवर बसेन. माझा हेवा गेलेला नाही, हेही लिहून ठेवते. हे पत्र लिहिताना मध्येच उठून मी आरशात पाहून आले, की त्या मंचावर मी कशी दिसले असते. तो जाईल तेव्हा जाईल. त्याच्यासाठी गावाने थांबायचं कारण नाही. महिनाभरात मोह टपकू लागेल, त्याआधी साड्या बांधायच्या आहेत, आणि तुझ्याशिवाय त्या कुणाला नीट ताणता येत नाहीत.

सोबत तो कागद जोडला आहे. मूळ इंग्रजी आहे, खाली मी मराठी उतरवलं आहे. माझ्यावर विसंबू नकोस म्हणून शाळेतल्या प्रवीण गुरुजींना दाखवून ओळ न् ओळ तपासून घेतलं, त्यांची सही खाली आहे. सही करताना त्यांनी वरची तारीख पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. वारलूभाऊंकडे मी आज सकाळी जाऊन आले. सगळं सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, रविवारी सभा लावतो, साऱ्या घरांना निरोप देतो. आणि म्हणाले, 'तू नको वाचू थो कागद. तू वाचशीन त आमाले मंग परत तुयाच आवाज आयकू येईन.'

मी वाचणार नाही. माझा नकार मी मागे घेतला आहे, ते वारलूभाऊ सभेत सांगतील. मी खोटं बोलले हे मी माझ्या तोंडाने सांगेन, एका वाक्यात, आणि खाली बसेन. त्यानंतर गाव हो म्हणेल की नाही ते गावाने ठरवायचं. कुणाला पटलं नाही तर त्याचा शब्द राहील. पण या वेळी खरं ऐकून.

हे पत्र प्रफुलच्या हाती देते आहे. त्याची गाडी उद्या मुलचेऱ्याला जाते आणि शनिवारी दुपारी परतते. तुझ्यासाठी पुढची सीट धरून ठेवायला सांगितलं आहे. तू अडखळत वाचतेस हे मला माहीत आहे. अडखळलीस तर सारे थांबतील, कुणालाही घाई नाही.

शनिवारी त्या गाडीत बस, मंगली, आणि रविवारी सकाळी ग्रामसभेत उभी राहून हा कागद तुझ्या आवाजात वाच.

मागच्या रांगेत, खांबाला टेकून ऐकणारी,
साधना